व्हाउचर मिळालं, आता घर कोण देणार?

अमेरिकेत कमी मिळकतीच्या कुटुंबांना घरभाड्यासाठी सरकारी मदत मिळते, ती म्हणजे सेक्शन एटचं व्हाउचर. ते हातात पडलं की घर शोधायला निदान साठ दिवस मिळतात. तेवढ्यात घर ठरलं नाही आणि मुदतवाढही मिळाली नाही, तर व्हाउचर रद्द होतं आणि यादीतल्या पुढच्या कुटुंबाकडे जातं. मारिसोलच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या शेवटच्या तारखेभोवती लाल गोल आहे. गेले काही आठवडे माझंही अर्धं लक्ष त्या तारखेकडेच लागलेलं आहे.

मारिसोल सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांची काळजी घ्यायला येऊ लागली. ती मूळची पोर्तो रिकोची. दोन शाळकरी मुलं, कमावणारी एकटी. सासूबाईंचं इंग्रजी बेताचं आणि तिला मराठीचा गंध नाही, तरी दोघींचं छान जमलं. यादी उघडली तेव्हा, म्हणजे कित्येक वर्षांपूर्वी, तिने अर्ज केला होता. इथे न्यू जर्सीत यादी कायम उघडी नसते. मधूनच थोडे दिवस उघडते, अर्जांचा पाऊस पडतो, सोडत निघते आणि मग ज्यांचं नाव लागलं तेही वर्षानुवर्षं वाट बघतात. म्हाडाच्या सोडतीची सवय असलेल्यांना यापुढे समजावून सांगायला नको.

फरक असा, की म्हाडाच्या सोडतीत घर लागतं. इथे भाड्याचा आधार मिळतो, घर आपलं आपण शोधायचं. ही योजना 1974 सालच्या कायद्याने आली. पैसा वॉशिंग्टनच्या गृहनिर्माण खात्याचा, कारभार गावोगावच्या हाऊसिंग ऑथॉरिटींचा. कुटुंबाने आपल्या मिळकतीच्या साधारण तीस टक्के भाड्यात आणि वीज-गॅसमध्ये घालायचे, उरलेलं भाडं ऑथॉरिटी थेट घरमालकाच्या खात्यात भरते.

समजा, वजावटी जाऊन एखादीची महिन्याची मिळकत 2,400 डॉलर धरली. तिचा वाटा झाला 720. त्या भागात दोन बेडरूमच्या घरासाठी ऑथॉरिटीने भाड्याची 2,200 डॉलरची पातळी ठरवली असेल, तर 1,480 सरकारकडून. घर 2,300 चं निघालं तर वरचे शंभर तिचे, म्हणजे तिच्यावर 820 चा बोजा. पण 2,500 चं घर तिला घेताच येणार नाही, कारण पातळीच्या वरचं घर नव्याने घेताना तिचा वाटा मिळकतीच्या चाळीस टक्क्यांपलीकडे जाऊ द्यायचा नाही असा नियम आहे. तिने कितीही हौसेने म्हटलं की मी जास्त तास काम करून भरीन, तरी नाही. सुरुवातीला मला हा नियम जाचक वाटला. मारिसोलचा हिशेब तिच्या शेजारी बसून मांडला तेव्हा पटला. त्या वरच्या पैशात मुलांचे बूट, गाडीचा विमा आणि दूध असतं.

मिळकतीवर भाडं ठरवायची ही कल्पना मला मनापासून आवडते. एडवर्ड ब्रुक नावाचे मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर होते, थेट लोकांच्या मतांवर सिनेटमध्ये गेलेले पहिले कृष्णवर्णीय. सरकारी वसाहतींतल्या गरिबांच्या भाड्याला मिळकतीच्या पंचवीस टक्क्यांची मर्यादा त्यांनी 1969 साली घालून घेतली. पुढे रेगन यांच्या काळात, 1981 साली, पंचविसाचे तीस झाले. आपल्याकडे पुण्या-मुंबईत कोणी भाडं ठरवताना भाडेकरूचा पगार विचारतो तो फक्त ‘याला परवडेल ना’ एवढ्यासाठी. त्याला किती परवडावं याची काळजी कुणाच्या कायद्यात नाही.

इथवर कौतुक. आता घर शोधण्याकडे येते.

शनिवार-रविवारी मी तिच्याबरोबर जाते. एडिसन, इझलिन, पिस्कॅटवे, न्यू ब्रन्सविक. फोनवर घर मोकळं असतं. मी बोलले की ‘या ना, कधीही या’. भाडं कसं भरणार हा प्रश्न आला आणि व्हाउचर हा शब्द उच्चारला, की त्या घराला अचानक दुसरं कोणीतरी गिऱ्हाईक लागलेलं असतं. कुणी म्हणतो अगदी कालच गेलं. कुणी म्हणतो रंगकाम काढायचंय, दोन महिन्यांनी बघा. कुणी महिन्याला भाड्याच्या तिप्पट पगार दाखवा म्हणतो. ज्या बाईचा पगार तेवढा असता तिला व्हाउचर मिळालंच नसतं! न्यू जर्सीत हे सगळं बेकायदेशीर आहे. भाडं कायदेशीर मार्गाने येतंय ना, मग ते कुठून येतंय यावरून नकार द्यायचा नाही, असं इथला भेदभावविरोधी कायदा स्वच्छ सांगतो. पगाराची अट घालायचीच असेल तर ती भाडेकरूच्या वाट्याच्या रकमेवर मोजायची. राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे तक्रार करता येते. पण घड्याळ चालू असलेल्या बाईने तक्रार लिहायची की पुढचं घर बघायचं?

आणि हे न्यू जर्सी आहे. देशभर लागू होईल असा केंद्राचा कायदाच नाही. टेक्सासने तर 2015 साली उलटा कायदा केला, शहरांनी अशी सक्ती घरमालकांवर करायची नाही म्हणून.

मला सगळ्यात जास्त लागलं ते आपल्या माणसांचं. आमच्या भागात दोन कुटुंबं राहतील अशी घरं विकत घेऊन एक मजला भाड्याने देणारे भारतीय पुष्कळ, त्यात मराठीही आहेत. गणपतीच्या आरतीला शेजारी उभे राहणारे. ‘अगं, तुझ्या ओळखीची आहे हे खरं, पण सेक्शन एटवाले नकोत’ हे वाक्य मी मराठीत ऐकलं. ज्यांना मुंबईत ‘नॉनव्हेज खाता ना, मग सोसायटीत चालणार नाही’ असं सांगून दारातून परत पाठवलं होतं, जे आजही तो किस्सा तावातावाने सांगतात, त्यांच्याच तोंडून. लग्न व्हायच्या आधी पुण्यात मी खोली शोधत होते तेव्हा ‘एकट्या मुलींना देत नाही’ हे इतक्यांदा ऐकलंय की त्या वाक्यातला हेलसुद्धा मला पाठ आहे. मारिसोल तो हेल ओळखते. भाषा कळावी लागत नाही.

घरमालकांची बाजू मी ऐकली नाही असं नाही. करार होण्याआधी ऑथॉरिटीचा माणूस तपासणीला येतो. धुराचा अलार्म, हीटिंग, गरम पाणी, खिडक्यांच्या कड्या, आणि घर 1978 पूर्वीचं असून सहा वर्षांखालचं मूल राहणार असेल तर शिशाचा रंग पोपडत तर नाही ना, हे सगळं बघतो. त्रुटी निघाली तर दुरुस्ती, पुन्हा तपासणी. तेवढे दिवस घर रिकामं राहतं आणि ज्याचा कर्जाचा हप्ता त्या भाड्यावर चालतो त्याला ते जड जातं. हे खरं आहे, आणि ऑथॉरिटींनी वेग वाढवलाच पाहिजे. पण एकदा करार झाला की भाड्याचा मोठा हिस्सा दर महिन्याला सरकारकडून येतो. आयटीतला भाडेकरू नोकरी गेली की गाशा गुंडाळून जातो, हेही याच मंडळींनी पाहिलंय.

दुसरा टोमणा टॅक्सचा. ‘आम्ही राबायचं आणि यांनी बसून खायचं.’ मारिसोल बसून खात नाही. ती सकाळी आमच्याकडे आणि संध्याकाळी आणखी एका आजींकडे असते. आम्ही दोघांनीही एच-वनच्या, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसाच्या काळात भाड्याच्या घरात काटकसर करून दिवस काढले, एच-वनवाल्यांना हे व्हाउचर मिळतही नाही, त्यामुळे ही चीड कुठून येते ते मला समजतं. पण घर घेतल्यावर आपण काय करतो? साडेसात लाख डॉलरपर्यंतच्या कर्जावरचं व्याज टॅक्समधून वजा करतो. त्या सवलतीला सोडत नाही, यादी नाही, साठ दिवस नाहीत. ज्याची वजावट बसते त्या प्रत्येकाला ती मिळते. भाड्याची मदत मात्र पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी जेमतेम एकाला मिळते, कारण दर वर्षी संसद जेवढा पैसा मंजूर करेल तेवढीच व्हाउचरं. आमच्या घरीही आम्ही ती व्याजाची वजावट घेतली आहे आणि ती कायद्याने आमची आहे. मग मारिसोलचं व्हाउचरही कायद्याने तिचं आहे.

सासूबाईंनी या वादात वेगळाच मुद्दा आणला. त्यांचं अर्धं आयुष्य गिरगावातल्या चाळीत गेलं. तिथे 1947 च्या भाडे कायद्याने भाडी गोठली ती 1940 च्या पातळीवर. ‘आम्हाला कुठे व्हाउचर लागलं?’ असं त्या अभिमानाने म्हणाल्या, आणि अभिमान रास्त आहे. गिरणीतला कामगार आणि पोस्टातला कारकून मुंबईच्या मध्यावर राहू शकला तो त्या कायद्यामुळे. पण गरिबाच्या भाड्याची ती सवलत सरकारने आपल्या तिजोरीतून दिली नाही, मालकावर टाकली. मालकाने दुरुस्ती सोडली, पागडी आली, जिने टेकूवर उभे राहिले आणि उपकर गोळा करून दुरुस्ती मंडळाला इमारती सांभाळाव्या लागल्या. आज पुनर्विकासात तर भाडं बिल्डरने द्यायचं असतं, आणि त्याने ते थकवलं की माणसं कुठे जातात हे मुंबईकरांना मी सांगायला नको. तरी एक गोष्ट आपल्या बाजूने बोलते: झोपडपट्टी पुनर्वसनात शेवटी घर नावावर होतं. मारिसोलला आयुष्यभर भाडं भरूनही ते होणार नाही.

घराचा पत्ता का महत्त्वाचा, याचा पुरावा एका भारतात जन्मलेल्या माणसाने दिला, याचं मला अप्रूप आहे. 1994 साली सुरू झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या पाच शहरांतल्या काही कुटुंबांना गरीब वस्तीबाहेरच जाऊन राहायची अट घालून व्हाउचरं दिली होती. दिल्लीत जन्मलेले अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली दाखवलं, की वयाची तेरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत चांगल्या वस्तीत गेलेल्या मुलांची मिळकत विशीच्या मध्यावर सुमारे 31 टक्क्यांनी जास्त होती. मारिसोलचा मुलगा अकरा वर्षांचा आहे, मुलगी आठ. म्हणून ती एडिसनच्या शाळांच्या हद्दीतच घर बघतेय, आणि म्हणून तिला ‘कुठेतरी स्वस्तात बघ ना’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

तिला मुदतवाढ मिळाली आहे. डिपॉझिट व्हाउचरमध्ये येत नाही. इथे ते दीड महिन्याच्या भाड्यापर्यंत मागता येतं, आणि ती रक्कम तिने बहिणीकडून उसनी घेऊन तयार ठेवली आहे. तेव्हा एडिसन-पिस्कॅटवेच्या परिसरात ज्यांच्या नातेवाइकांचा दोन बेडरूमचा मजला मोकळा होणार असेल, त्यांनी त्यांना हे वाचायला द्यावं आणि मला कळवावं. तपासणीआधी काय काय दुरुस्त करून ठेवायचं याची यादी मी पाठवते, आणि अर्जाची कागदपत्रं भरायला मी स्वतः बसेन.