वाशी ते दिवाळे: खाडीतून साडेसतरा तास

वाशीहून बेलापूरला लोकलने जायचं तर मध्ये सानपाडा, जुईनगर, नेरुळ आणि सीवूड्स अशी चार स्टेशनं लागतात. डोळा लागायच्या आत उतरावं लागतं. आम्ही तेच अंतर खाडीतून गेलो आणि साडेसतरा तास लागले. पुढेमागे कुणाला अशी हुक्की आली तर उपयोग व्हावा म्हणून हे लिहितोय. हुक्की येऊच नये म्हणून लिही, असं मामीचं म्हणणं आहे.

होडी मामाची. रिटायर झाल्यावर लोक गावाला घर बांधतात, मामाने वाशी गावातल्या एका ओळखीच्या माणसाकडून अठरा फुटी लाकडी होडी घेतली. दोन पावसाळे ती किनाऱ्यावर पडून होती. सोबत आठ हॉर्सपॉवरचं जुनं मशीन फुकट मिळालं. फुकट का, ते पुढे येईलच. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, कधीकाळी 'श्री एकवीरा प्रसन्न' असं रंगवलेलं होतं. त्यातला 'वीरा' उन्हापावसाने उडाला होता, त्यामुळे उरलं 'श्री एक प्रसन्न'. होडीत आम्ही चौघं होतो आणि प्रसन्न खरोखरच एकटा मामा होता.

बेत साधा होता. बेलापूरला लागून असलेल्या दिवाळे कोळीवाड्यात लाकडी होड्यांचं काम करणारा एक मिस्त्री आहे, त्याच्याकडे ती दुरुस्तीला न्यायची. टेम्पोचं भाडं विचारून झालं होतं, पण "होडी काय टेम्पोतून न्यायची असते?" या मामाच्या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं. दिवाळ्याचे एक नाखवा, म्हणजे होडी हाकणारे जाणते कोळी, सोबत यायला तयार झाले. त्यांचं एकच म्हणणं होतं, तिथी मी सांगेन.

हे तिथीचं गणित मात्र प्रत्येकाने पाठ करावं असं आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की आपल्याकडच्या पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळीही सहाच्या सुमारास भरती. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तासाने पुढे सरकतं. नाखवांनी माघातली शुद्ध एकादशी निवडली: अकराची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरलेल्या पाण्यावर वाशीहून निघायचं, उतरत्या पाण्याबरोबर ठाण्याची खाडी दक्षिणेकडे उतरायची, पनवेलच्या खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून जेवायचं, आणि दुपारी पाणी चढायला लागलं की त्याच्याच पाठीवर बसून आत दिवाळ्याला. जाताना पाणी आपलं, येतानाही पाणी आपलं. मशीन बंद पडलं तरी पोचू, असा तो बिनचूक बेत होता. फक्त सव्वाआठला निघणं गरजेचं होतं.

निघालो दहा चाळीसला.

पहिला तास होडीने खाल्ला. लाकडी होडी बरेच दिवस कोरडी राहिली की फळ्या आकसतात आणि मधल्या फटी उघडतात. फटीत कापूस ठोकून वर राळ भरलेली असते, तीही वाळून पडते. अशी होडी आधी दोन-तीन दिवस पाण्यात बांधून ठेवायची असते, म्हणजे लाकूड फुगून फटी आपोआप मिटतात. हे मामाला माहीत होतं. पण दोन-तीन दिवस पाण्यात ठेवली तर कोणी चोरून नेईल म्हणून त्याने ठेवली नाही. ती होडी पाण्यात ढकलली तेव्हा चार बाजूंनी बारीक बारीक धारा लागल्या आणि मामेभावाने, म्हणजे दादाने, शांतपणे विचारलं, "ही कोण चोरणार होतं?" पाणी उपसायला मामीने श्रीखंडाचा किलोचा रिकामा डबा दिला होता. खरं तर तो एकादशीच्या खिचडीसाठी होता, पण खिचडी मग स्टीलच्या डब्यात गेली. एवढ्या सगळ्या सामानात शेवटपर्यंत बिघडला नाही तो हा डबा.

उरलेला दीड तास मशीनने घेतला. दोरी ओढायची, मशीन दोनदा खोकणार आणि गप्प. पहिल्या वीस ओढीनंतर दादाने शर्ट काढला, चाळीसनंतर बोलणं सोडलं. प्लग काढला तर ओलाचिंब. मामाने तो आपल्या रुमालाने पुसला, फुंकर मारली, कपाळाला लावला आणि परत बसवला. मशीन सुरू झालं! दहा मिनिटं जेट्टीपाशीच गोल फिरलो आणि पुन्हा बंद. परत ओढाओढ, परत सुरू, परत दहा मिनिटांनी बंद. तिसऱ्या वेळी नाखवांनी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू दोन बोटांनी सैल केला. फुस्स असा आवाज आला. टाकीत हवा आत यायला वाट नसेल तर पेट्रोल बाहेर जात नाही, आत पोकळी धरते आणि मशीन उपाशी मरतं. त्या स्क्रूला वर्षानुवर्षं कुणाचा हात लागला नव्हता. "आधी का नाही सांगितलंत?" मामा म्हणाला. नाखवा म्हणाले, "तुमी मशीनची पूजा करत होतात. मधी कसा बोलू?"

जुन्या मशीनवाल्यांसाठी: टाकीत महिनोन्महिने पडलेलं पेट्रोल वापरू नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पाणी तळाला बसतं. ताजं भरा, काचेच्या बाटलीत थोडं काढून बघा, दोन थर दिसले तर ओतून द्या. आणि दोन कोरडे प्लग खिशात. रुमाल हा उपाय नव्हे.

वाशीच्या पुलांपासून लांब जाईपर्यंत डोलकाठी आडवीच ठेवा. भरतीला पुलाखालची जागा कमी होते आणि वर बघत होडी चालवली की खांब आडवा येतो. पुलाखालून जाताना मामाला 1973 आठवलं. तेव्हा इथला पहिला पूल झाला, तोवर पलीकडे जायचं तर होडी, नाहीतर ठाण्याचा वळसा. "बघ, आपण जुन्या मार्गाने चाललोय," मामा म्हणाला. जुन्या मार्गाने जाणारे वेळेवर निघत असावेत.

पुलाच्या उत्तरेला, ऐरोलीच्या दिशेने, फ्लेमिंगो अभयारण्य आहे. 2015 मध्ये ते जाहीर झालं आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. तिकडे आपली होडी परवानगीशिवाय घालायची नाही. पश्चिमेला ट्रॉम्बेकडे अणुसंशोधन केंद्र आहे, त्या किनाऱ्याच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नका. म्हणजे आपल्यासारख्यांना उरते ती पूर्वेची, पाम बीच रोडच्या बाजूची कड. आणि नेमकी तीच उथळ.

साडेबाराला करावे गावासमोर आम्ही रुतलो. धक्का वगैरे काही नाही. मशीनचा आवाज जड झाला, मागे पाण्याचा रंग चहासारखा झाला, आणि होडी एखाद्या म्हशीसारखी आरामात बसली. मामा वल्हं घेऊन उठला तोच नाखवांनी त्याला हाताने खाली बसवलं. "पानी गेला. आता बसा."

अर्ध्या तासात पाणी पार निघून गेलं. इथे उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. एकादशीला तेवढा नाही, पण आमच्या होडीला वीतभर कमी पडलं तरी पुरेसं होतं. समोर तिवरांच्या रांगेपलीकडे पाम बीच रोडवरच्या गाड्या शंभरच्या वेगाने बेलापूरला चालल्या होत्या. त्याच किनाऱ्यावर चाणक्य, म्हणजे जहाजावरचे अधिकारी घडवणारी संस्था. तिच्यासमोर आमचं जहाज चिखलात तिरकं पडलेलं. दादाने मोबाईल काढून आपण कुठे आहोत ते पाहिलं. नकाशात आम्ही निळ्याशार पाण्यात होतो.

चिखलात उतरायचं नाही, हे इथे ठळक करून लिहायला हवं. वरून तो मऊ लोण्यासारखा दिसतो. मी एक पाय नुसता टेकवला तो मांडीपर्यंत गेला, बाहेर आला तेव्हा चप्पल आतच राहिली होती. माणूस उभा धडपडला की आणखी खोल जातो. चुकून कोणी अडकलंच तर मागे रेलून, वल्हं नाहीतर फळी आडवी धरून, पाय हळूहळू मोकळे करायचे. एरवी होडीतच बसायचं. टोपी, माणशी तीन लिटर पाणी, आणि एकादशी न करणाऱ्यांसाठी वेगळा डबा. आमच्याकडे फक्त खिचडी होती आणि मामाने ती उपास असलेल्यालाच मिळेल असं जाहीर केल्यावर पाच मिनिटांत चौघांनाही उपास लागला.

आणि मग ते आले. पाणी गेलं की फ्लेमिंगो चिखलावर उतरतात, आणि आम्ही पडलो होतो त्यांच्या पंगतीत. आधी लांब एक गुलाबी रेघ होती. तासाभरात ती तुटून ठिपके झाले आणि त्यातले शे-दीडशे आमच्यापासून चाळीस-पन्नास पावलांवर आले. होडी हलत नव्हती, आम्ही बोलत नव्हतो, त्यामुळे आम्ही त्यांच्या लेखी एक ओंडका. इतक्या जवळून पहिल्यांदाच दिसलं की चोच उलटी बुडवून ते डोकं डावी-उजवीकडे फिरवत चालतात, केर काढल्यासारखे, आणि चिखलावर मागे नागमोडी रेषा उरते. गळ्यातून सतत बारीक कुजबुज, लग्नाच्या हॉलमध्ये मंगलाष्टकांच्या आधी असते तशी. मध्येच एक निवटी, म्हणजे चिखलात राहणारा छोटा मासा, उडी मारून दुसऱ्या डबक्यात जायची. मामा पुटपुटला, "टेम्पोतून हे दिसलं असतं का?" त्या क्षणी मामीचा फोन वाजला आणि जवळचे सगळे उडाले.

मामीने विचारलं, "पोचलात?"

"जवळजवळ," मामा म्हणाला.

ज्यांना फ्लेमिंगोच बघायचे आहेत त्यांनी हे सगळं करू नये. ऐरोलीला वनविभागाच्या केंद्रातून होडीची फेरी निघते, भरतीच्या वेळा बघून आधी बुकिंग करायचं. नोव्हेंबर ते मे या दिवसांत जावं. ती होडी पाणी असतानाच निघते.

साडेचारला होडी हलली, पण आता सगळं गणित उलटं झालं होतं. पाणी चढत होतं, म्हणजे ठाण्याकडे वाहत होतं, आणि आम्हाला जायचं होतं दक्षिणेला. मशीनने वीस मिनिटं इमानदारीत काढली, मग खालून कडाक् असा आवाज आला आणि पंखा फिरेना. वर उचललं तर पंख्याला जुन्या जाळ्याचा बोंगा, त्यात दुधाच्या पिशव्या, आणि आतली पिन तुटलेली. ही पिन तुटण्यासाठीच असते, ती तुटली म्हणून आतले दाते वाचतात. म्हणून सुट्या पिना सोबत ठेवायच्या. आमच्याकडे होता एक खिळा. तो शंभर मीटर टिकला.

मग शीड. वाराही बरा होता. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो तो आम्हाला मागून-बाजूने मिळत होता. शीड मात्र मधोमध फाटलेलं होतं आणि मामाने ते वाढदिवसाच्या एका फ्लेक्सचं ठिगळ लावून शिवून घेतलं होतं. त्यामुळे नेरुळच्या जेट्टीसमोरून आम्ही गेलो तेव्हा आमच्या शिडावर गॉगल लावलेला अर्धा चेहरा आणि 'आपला माणूस' एवढीच अक्षरं होती. जेट्टीवर गळ टाकून बसलेल्या दोन पोरांनी हात जोडून नमस्कार केला. फ्लेक्सचं ठिगळ लावू नका. ते जड पडतं, वाकत नाही आणि शिवणीपाशी नवीन फाटतं.

पनवेल खाडीच्या तोंडाशी पोचायला पावणेआठ झाले. सूर्यास्ताबरोबर वारा पडला होता. आत शिरून वल्ही मारेपर्यंत पाणी थांबलं आणि पावणेनऊला उलटं बाहेर वाहायला लागलं. दिवसभरात दुसऱ्यांदा आम्ही नेमके चुकीच्या पाण्यावर होतो. नाखवांनी नांगर टाकला, गोणपाट पांघरला आणि झोपले. झोपी जाताना एवढंच म्हणाले, "अडीचनंतर उठवा."

रात्र वाईट नव्हती. दक्षिणेला अटल सेतूचे दिवे एका ओळीत लागलेले, डोक्यावर एकादशीचा चंद्र, आणि दर पंधरा मिनिटांनी श्रीखंडाच्या डब्याचा खळ्ळ खळ्ळ आवाज. थंडी मात्र वाजते. खाडीत मुक्काम होणारच नाही असं वाटत असलं तरी स्वेटर घ्याच. लाईफ जॅकेट तर सकाळपासून अंगावर हवंच, रात्री त्याची ऊबही होते. पांढऱ्या प्रकाशाची एक टॉर्च कायम लावून ठेवा, कारण रात्री मासेमारीच्या होड्या जातात आणि आपण त्यांना दिसत नाही.

पावणेतीनला नांगराचा दोर सैल पडला. नाखवांना उठवावं लागलं नाही, ते आधीच उठून बसले होते. चंद्र मावळायला आला होता. दोघांनी वल्ही मारायची, बाकी काम पाणी करत होतं. दिवसभर ज्याच्याशी भांडत होतो तेच आता होडीला पाठीला हात लावून आत नेत होतं. दीड तासात कोळीवाड्याचे दिवे दिसले, सुक्या मासळीचा वास आला आणि सव्वाचारला होडी दिवाळ्याच्या जेट्टीला लागली.

नाखवांच्या घरी चहा झाला, आणि द्वादशी लागली म्हणून मामाने भाकरी आणि सुक्या जवळ्यावर उपास सोडला. उजाडायच्या आत मिस्त्री आला. त्याने टॉर्च मारून होडीभोवती एक फेरी घातली, दोन-तीन ठिकाणी हातोडीने ठोकून आवाज ऐकला आणि दुरुस्तीचा आकडा सांगितला. होडी घेतली होती त्याच्या दुप्पट. मामा बोटांवर काहीतरी मोजत होता. मला वाटलं हप्ते मोजतोय.

"महाशिवरात्रीला घारापुरी," मामा म्हणाला. "चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. आरामात निघू."

दादा काही न बोलता स्टेशनच्या दिशेने चालायला लागला. मीही निघालो, एका पायात चप्पल घालून. बेलापूरहून पहाटेची लोकल मिळाली आणि वाशी वीस मिनिटांत आलं. उतरताना लक्षात आलं, श्रीखंडाचा डबा माझ्याच हातात होता.