हापसा, सेन्सर आणि वायसर

"हे यंत्र वायसर बदलतं का?"

युगांडातल्या एका गावात आज मी प्रबंधाच्या कामासाठी हापशाच्या दांड्याला सेन्सर बसवत होते, तेव्हा तिथल्या एका आजींनी विचारलं. दुभाष्याने मला सांगितलं आणि स्वतःच हसला. त्याआधी दहा मिनिटं मी उत्साहाने समजावत होते: दांडा किती वेळा हलला ते हे मोजणार, हापसा बंद पडला की मोबाइलवरून निरोप जाणार, वगैरे वगैरे.

बंद पडल्याचं आजींना कळायला सेन्सर कशाला हवा? त्यांचा पिवळा कॅन रिकामा परत जातो ना!

गंमत म्हणजे हापसा आपलाच. इंडिया मार्क टू. १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने भारतात घडला, तोही सोलापूर पंपाच्या धर्तीवर. इकडे त्याला यू-टू म्हणतात. दणकट खरा, पण खोल पाण्यातलं वायसर बदलायचं म्हणजे सगळे लोखंडी पाइप एकेक करून वर ओढायचे. त्याला तिवई हवी, माणसं हवीत, मेकॅनिक हवा. पुढच्या मार्क थ्रीमध्ये पाइप न काढताच वायसरसकट पिस्टन वर घेता येतो. म्हणजे आजींचा प्रश्न कुणीतरी आधीच ऐकला होता.

रात्री प्रबंधाचा मसुदा उघडून शोधलं. 'डेटा' पानोपानी. 'वायसर' एकदाही नाही.

आता मार्गदर्शकांना काय सांगू?