न निवडलेली भाजी

आमच्या सासूबाई मंडईत भेंडीचं टोक मोडून बघतात. दुधीला हळूच नख लावतात, वांगं तळहातावर घेऊन जोखतात आणि जड निघालं तर बियांचं म्हणून परत ठेवतात. चाळीस वर्षांचा हात आहे. अशा घरात मी एका रात्री जेवताना जाहीर केलं, की आता तीन महिने भाजी आपण निवडायची नाही. शेतावरून येईल ती खायची, आणि पैसे आधी भरायचे.

"न बघता भाजी? वर पैसे आधी?" आई म्हणाल्या. "आपण काय मेसला लागलोय?"

त्याआधी वर्षभर मी घरपोच 'सेंद्रिय' भाजी मागवत होते. दर मंडईच्या दुप्पट, प्रत्येक वांगं साच्यातून काढल्यासारखं आणि चार मिरच्यांनाही वेगळं प्लॅस्टिक. ही कुठल्या शेतातली, असं एकदा फोन करून विचारलं, तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आमची भरपूर शेतं आहेत." त्या 'भरपूर'वर मी बंद केलं.

ऑफिसातल्या एकीकडून पुरंदर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा नंबर मिळाला. त्यांच्याकडे यादीतून हवं ते निवडण्याची सोय नव्हती. वाटा घ्यायचा. तेरा आठवडे, दर शनिवारी सहा किलोच्या आसपास भाजी, 9,100 रुपये आगाऊ. सगळे आधी कशाला, असं मी विचारलं. "ताई, पैसा बी टाकताना लागतो," ते म्हणाले. "तेव्हाच नसतो. मग उसने काढायचे, आणि माल निघाला की बाजारात मिळेल तो भाव घ्यायचा, त्यातूनही गाडीभाडं, हमाली जातेच. तुम्ही आधी दिलेत तर मी तुमच्यासाठी पेरतो." आणि पावसाने गेलं तर? "तर तुमचंही थोडं जाईल."

हे इतकं सरळ बोलणं ऐकायची सवय नसल्याने मी म्हटलं, आधी शेत बघते.

मे अखेरच्या रविवारी दिवे घाट चढून आम्ही गेलो. खाली मस्तानी तलाव जवळपास कोरडा, वर शेतात बघण्यासारखं काही नाही. अडीच एकर, बहुतेक उघडी जमीन, वाफे, ठिबकच्या नळ्या. मुलगी कंटाळली. एका सावलीत 200 लिटरचं पिंप होतं, त्यात जीवामृत, म्हणजे जमिनीला द्यायचं घरचं पातळ खत. 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. बेसन ऐकून आमच्या घरच्यांना भूक लागली.

मी प्रमाणपत्राचं विचारलं. कागद होता, पण त्यावर 'पीजीएस ग्रीन' होतं, 'ऑरगॅनिक' नव्हतं. त्यांनीच सांगितलं, की जमीन अजून रूपांतराच्या काळात आहे, रासायनिक खत सोडून दुसरं वर्ष. पीजीएस म्हणजे सहभागी हमीची पद्धत, तिच्यात निदान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो आणि गटातले एकमेकांची शेतं तपासतात. निर्यातीला जे प्रमाणपत्र लागतं त्यात बाहेरची संस्था तपासायला येते, ते वेगळं आणि खर्चिक. शेजारी शेजाऱ्याला काय तपासणार, असं माझ्या तोंडावर आलं असावं. कारण ते हसून म्हणाले, "साहेबापेक्षा शेजाऱ्याला जास्त दिसतं."

मला पटवलं ते कागदाने नाही, बांधाने. पलीकडचा शेतकरी फवारणी करतो, ते उडून येत असणार, असं मी म्हटलं. त्यांनी त्या कडेला मका आणि तूर दाट लावायची जागा दाखवली. "आणि त्याच्या लगतच्या दोन ओळी तुमच्या पिशवीत येत नाहीत. त्या साध्या भाजीच्या भावात बाजारात जातात." हे मी विचारलं नसतं तर त्यांनी सांगितलंही नसतं. तुम्ही कुठे वाटा घेणार असाल तर हा प्रश्न जरूर विचारा.

तिथेच पैसे भरले. वहीच्या पानावर पावती मिळाली आणि दोन कापडी पिशव्या, एक यायची, एक जायची. आमचा नंबर 23.

पहिल्याच आठवड्यात पालखी आडवी आली. ज्येष्ठ वद्यात माउली दिवे घाट चढतात तेव्हा घाट वाहनांना बंद असतो, त्यामुळे शनिवारची पिशवी सोमवारवर गेली. मी हे आईंना याच शब्दांत सांगितलं. "पालखी आडवी येत नसते, आपण येतो," त्या म्हणाल्या.

सोमवारी अंबाडी, लाल माठ, दोडके, काकड्या आणि दोन दुधी. माठाच्या पानांना भोकं होती, ती आईंनी उजेडात धरून मला दाखवली. अंबाडी मी आयुष्यात केली नव्हती. ती उकडून आंबट पाणी काढायचं, तांदळाच्या कण्या आणि डाळ घालून घोटायची, वरून लसणाची फोडणी. आई स्टुलावर बसून सूचना देत होत्या, पण जेवताना दोनदा घेतली.

मग आषाढ लागला आणि दुधीचं पर्व सुरू झालं. पाऊस पंधरा दिवस हटला नाही. पालेभाज्या वाफ्यातच सडल्या, मेथी-कोथिंबिरीचं नाव नाही. दुधी, दोडका, पुन्हा दुधी. भाजी झाली, कोफ्ते झाले, थालीपीठ झालं, सालीची चटणी झाली, हलवा तर इतका झाला की मुलगी म्हणाली, गोड नको. चौथ्या आठवड्यात आई विचारायला लागल्या, "शनिवार आला का परत?" दोन पिशव्या जेमतेम चार किलोच्या भरल्या. मी वजनकाटा लावून फोटो पाठवला. उत्तर आलं, "ताई, ऊन पडू द्या." मला राग आला. ठरलं तेव्हा कबूल केलं होतं हे खरं, पण कबूल करताना आपण सुगीचं चित्र बघत असतो. त्यातच एका शनिवारी आमची पिशवी चुकून शेजारच्या विंगेत राहिली आणि दुसऱ्या दिवशी सापडली तेव्हा पडवळ मऊ पडलं होतं. ते कोणाच्या खात्यात टाकायचं यावर मी अजूनही वाद घालू शकते.

श्रावणात पिशवी उघडली तर वर मटार. दीड किलो. "या दिवसांत मटार म्हणजे शीतगृहातला," आईंनी निकाल दिला. मी फोन लावला, स्पीकरवर. पुरंदरचा वाटाणा पावसाळीच असतो, जून-जुलैत पेरायचा आणि ऑगस्टपासून तोडायचा, असं ते सांगत होते. थंडीतला तुम्हाला माहीत असलेला वेगळा, हा इथल्या हवेचा. पुण्यात सगळा जन्म गेला आणि तीस-पस्तीस किलोमीटरवर श्रावणात मटार पिकतो हे मला ठाऊक नव्हतं. आईंनी एक शेंग सोलून दाणे तोंडात टाकले. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत सालींचा ढीग टेबलावर आणि पुलावाला दाणे उरले वाटीभर.

शेवटच्या दोन पिशव्या पितृपंधरवड्यात आल्या. त्या दिवसांत गवार, भेंडी, अळू, भोपळा यांचे भाव दरवर्षी चढतात. आमची पिशवी मात्र मेमध्येच विकत घेतलेली. गवार, भेंडी, कारली, देठांसकट अळू, लाल भोपळा. नऊ किलो भरली. पाठवणाऱ्याने आषाढाचं काही लक्षात ठेवलं होतं की त्या आठवड्यात पीकच तेवढं होतं, ते मी विचारलं नाही.

सगळी बेरीज केली तेव्हा 71 किलो झालं, म्हणजे किलोला 128 रुपये. मंडईत नक्की स्वस्त पडलं असतं. हा हिशेब मी घरात मोठ्याने वाचून दाखवला आणि रब्बीचं काय करायचं विचारलं. पूर्ण वाटा आम्हा चौघांना दुधीच्या दिवसांत जास्त होतो, हे कळलं होतं. शेवटी शेजारच्या काकूंबरोबर निम्मा-निम्मा घ्यायचं ठरलं.

आता शनिवारी जिन्यातच वाटणी होते. काकू दोन ढीग लावतात, चाकवत, मुळा, पावटा, अर्धा अर्धा कोबी, आणि कुठला उचलायचा ते आईंनी ठरवायचं. त्या चष्मा लावून बसतात. दोन्हीकडच्या मुळ्यांना नख लावून बघतात.