गेली होती की!

“तुमचे झाडून सगळे इस्रायलला गेले, मग तुमची आजीच कशी राहिली?” शनिवार-रविवार धरून मांडव्याला रो-रो बोटीने उतरणारे मला हे विचारतात. अलिबागच्या आमच्या इस्रायल आळीचं नाव ऐकून कुतूहलाने आत शिरलेले विचारतात. शाळेच्या प्रकल्पासाठी वही घेऊन आलेली मुलंही विचारतात. एका कॅमेरावाल्याने तर प्रश्नातच उत्तर घालून दिलं होतं, “या मातीचं प्रेम, बरोबर ना ताई?” मी हो म्हटलं. गॅसवर चहा उतू चालला होता आणि तो कॅमेरावाला जायला हवा होता.

तुम्ही बसून विचारलंत म्हणून नीट सांगते. आजी गेली होती की. १९९३ साली गेली आणि अकरा आठवड्यांनी परत आली.

आधी थोडं मागचं सांगायला हवं. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. हे सांगितलं नाही तर तुम्हाला वाटेल आम्ही तिकडून इथे आलो. आलो खरे, पण कधी, ते आमचं आम्हालाही धड सांगता येत नाही. आमच्यात सांगतात ते असं, की नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि बुडालेल्यांना तिथेच पुरलं. त्याला दोन हजार वर्षं झाली म्हणतात. पोथ्या समुद्रात गेल्या. शनिवार पाळायचा आणि ‘शमा’ची प्रार्थना म्हणायची, एवढं मात्र राहिलं. पोटासाठी घाणा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. आडनावं गावांवरून पडली. रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर ही सगळी मंडळी आमचीच. आळीतली आमची मशीद १८४८ सालची, आणि इस्रायल देश १९४८चा. म्हणजे आमची मशीद देशाहून बरोबर शंभर वर्षांनी मोठी. (हो, आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणायचो. मुंबईतलं मशीद बंदर स्टेशन आठवा. ते नाव आमच्या १७९६ सालच्या जुन्या मशिदीवरून पडलं.)

स्वातंत्र्याच्या सुमाराला देशात आमची वीसेक हजार माणसं होती. मग एकेक घर उठू लागलं. आजीची धाकटी बहीण १९६१ला गेली, तिला दिमोना मिळालं. ‘मिळालं’ हा आजीचा शब्द, रेशनच्या दुकानात तांदूळ मिळावा तसा. नेगेवच्या वाळवंटातलं नवं गाव ते. पहिल्या पत्रात मावशीआजीने लिहिलं होतं, “इथे पाऊस नाही गो. छत्री उगाच आणली.”

आजोबांनीही अर्ज भरला होता. ट्रंक भरून झाली होती. तेवढ्यात १९६२मध्ये तिथल्या धर्मगुरूंनी फर्मान काढलं, की बेने इस्रायलांची लग्नं लावण्याआधी त्यांच्या आया-आज्यांचं कूळ तपासावं. दोन हजार वर्षं कुणी विचारलं नव्हतं आणि आता पुरावा हवा! मावशीआजीच्या नणंदेचं ठरलेलं लग्न अडलं. लोक यरुशलेममध्ये रस्त्यावर उतरले, आणि १९६४ला तिथल्या संसदेने ठराव केला की ही माणसं पूर्ण ज्यू आहेत, त्यांच्यात भेद नाही. इथे अलिबागेत आजी म्हणाली, “पुरावा हवा तर नवगावला या म्हणावं. पुरलेत तिथे.”

हे वाक्य ऐकलं की पाहुणे खूश होतात. त्यांना वाटतं, हेच उत्तर. पण आजीचं काय, ती बोलायची एक आणि करायची वेगळंच. ठराव झाल्यावर ती पुन्हा जायला तयार होती, हे तिनेच मला सांगितलंय. पण तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली होती. ती अकरा वर्षं खिळून राहिली. तोवर आजोबा वारले, बाबा नोकरीला लागले, ट्रंकेत गोधड्या गेल्या. स्वाभिमान वगैरे होताच, पण खरं अडलं ते सासूपाशी.

१९९२च्या जानेवारीत दोन्ही देशांचे पूर्ण संबंध जुळले, जाणं-येणं सोपं झालं. मावशीआजीने लिहिलं, आता ये ती कायमची ये, दोघी म्हाताऱ्या एका खोलीत पडून राहू. आजी अडुसष्ट वर्षांची होती. गेली. फेब्रुवारीत तिला सहारच्या विमानतळावर सोडायला मी आणि बाबा गेलो होतो. तिथल्या सुरक्षावाल्या पोरीने बॅग उघडायला लावली. कडवे वाल, आमसुलं, जाडे पोहे, पांढऱ्या कांद्याची माळ, आणि साडीत गुंडाळलेली विळी. पोरगी विळीकडे बघतच राहिली. हे काय आहे, कशासाठी, कुणी दिलं? आजीला इंग्रजी येत नव्हतं. तिने सरळ जमिनीवर बसकण मारली, एक पाय विळीच्या पाटावर ठेवला आणि नसलेला नारळ दोन्ही हातांनी विळीच्या टोकावर फिरवून दाखवला. वाटी करवंटीपर्यंत खवली गेली की ती मनगट जरा हलकं करायची, म्हणजे काळी पाठ खोबऱ्यात येत नाही. तेसुद्धा तिने तिथे केलं. मागची रांग हसत होती. पोरगी हसली नाही, पण विळी आजीबरोबर गेली.

विळीवाचून आमचं चालत नाही, कारण मटणाबरोबर दूध आम्हाला वर्ज्य. मग कालवणात नारळाचं दूध, आणि जेवणावर गोड हवं तर तेही नारळाच्या दुधातलंच. नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या वर्षारंभाला, गव्हाचा चीक काढून आजी हलवा करायची, तेव्हा चार-पाच नारळ खवले जायचे आणि हलवा घोटताना हात बदलायला आम्हा नातवंडांना उभं करायची.

दिमोनाला नारळ नव्हता. म्हणजे पाकिटातला कीस होता, कोरडा, लाकडाच्या भुशासारखा. पनवेलच्या, ठाण्याच्या, भायखळ्याच्या बायका होत्या, मराठी बोलायला तोटा नव्हता. पण त्या सगळ्या दुपारी नातवंडांना सांभाळायच्या आणि नातवंडांशी हिब्रू बोलायच्या. आजीला हिब्रू यायची ती प्रार्थनेची. त्या भाषेत तिला देवाची स्तुती करता येत होती, शिळा पाव परत करता येत नव्हता. अलिबागच्या बाजारात जिताड्यासाठी कोळणीशी अर्धा तास भांडणारी बाई ती. (आम्हाला खवल्यांचेच मासे चालतात, आणि हे माहीत असल्यामुळे कोळीण भाव चढवूनच सुरुवात करायची, “तुला कोलबी चालत नाय, जाशील कुठं?”) तिथे मासा बर्फातला आणि भाव छापलेला. पाचव्या आठवड्यात फोनवर तिने बाबांना सांगितलं, “इथे भांडायला कुणी नाही रे.”

आणखी एक गोष्ट तिला बोचली. इथे आयुष्यभर ती ‘इस्रायलची आजी’. तिथे शेजारीण तिला ‘होदीत’ म्हणायची, म्हणजे हिंदुस्थानी बाई. तुम्ही मूळच्या कुठल्या, हा प्रश्न दोन्हीकडे. मावशीआजी म्हणाली, सवय होते. आजी म्हणाली, इथल्या प्रश्नाची सवय आहे मला, आता नवीन कशाला लावून घेऊ?

मेच्या सुरुवातीला तिने जाहीर केलं, मिरगाच्या आत कौलं चाळायला हवीत, मला गेलंच पाहिजे. कौलं चाळायला आमच्याकडे माणूस यायचा, आजी फक्त खाली उभी राहून ओरडायची. मावशीआजीला हे ठाऊक होतं. ती आठ दिवस बोलली नाही.

आली त्याच आठवड्यात आजीने मलिद्याचा घाट घातला. नवस बोलली होती. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नबीची जागा आहे. नबी रथातून इथे उतरला, त्याच्या घोड्यांच्या टापांच्या नि चाकांच्या खुणा खडकावर उमटल्या, असं आम्ही मानतो. रिक्षाने गेलो. धुतलेले पोहे, खवलेलं खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं आणि गुलाब. खोबरं उसन्या विळीवर खवलेलं होतं, तिची विळी दिमोनालाच राहिली होती. बाबांनी पुस्तकातून म्हटलं, आजीने पाठ म्हटलं आणि दोघांची चाल शेवटपर्यंत जुळली नाही.

महिन्याभराने मावशीआजीचं पत्र आलं. ते अजून माझ्याकडे आहे. तब्येत, नातीचं सैन्यातलं पोस्टिंग, कांदे संपले, असं सगळं लिहून झाल्यावर खाली समासात बारीक अक्षरात आहे:

“तुझा मलिदा झाला असेल. मीही एलियाहू हन्नबीला बोलले होते, ताई इथे राहिली तर मलिदा करीन. तो तुझ्या गावचा पडला. विळी ठेवून घेतली आहे, मागू नकोस.”