वजीर, दामा आणि एक लाल गोल

मराठी बालकथेचं स्पॅनिश भाषांतर करत होते. आजोबा नातीला बुद्धिबळ शिकवतात आणि खेळता खेळता एका राज्याची गोष्ट सांगतात. गोष्टीत राजा, राणी, वजीर आहेत, आणि पटावर राजा, वजीर. पटावरच्या वजिराला मी ‘रेइना’, म्हणजे राणी, लिहून मोकळी झाले होते. त्या सकाळी माद्रिदहून मजकूर परत आला. त्या शब्दाभोवती लाल गोल आणि संपादिकाबाईंचा प्रश्न: ही पटावरची की राजवाड्यातली?

‘रेइना’ चूक नाही, बोलताना सर्रास म्हणतात. पण डाव लिहिताना स्पॅनिश खेळाडू राजाला, म्हणजे ‘रेय’ला, आर लावतात आणि वजिराला ‘दामा’चा, म्हणजे ‘बाई’चा, डी. रेइना धरली तर दोघांचं अक्षर एकच.

मी बाबांचा जुना लाकडी पट काढला आणि एकेक मोहरा उचलून दोन्ही भाषांत नाव घेत गेले. उंटाशी थांबले. त्याला स्पॅनिशमध्ये आल्फिल म्हणतात, मूळ अरबी अल-फील, म्हणजे चक्क हत्ती! आपला हत्ती मात्र कोपऱ्यात, आणि तिकडे त्या घरात तोर्रे, बुरूज. नुसत्या व्युत्पत्तीवर विसंबले असते तर अख्खा पट चुकला असता.

वजीर मात्र अडूनच राहिला. आजोबा म्हणतात, ‘वजीर राजाला खरं तेच सांगतो, म्हणून तर त्याच्या शेजारी उभा असतो.’ हे वाक्य दामाच्या अंगाला बसेना, आणि ते सोडायला माझं मन तयार होईना. कथेचा जीवच त्यात आहे.

मग स्पेनमधल्या कास्तिया राज्याच्या दहाव्या आल्फोन्सो राजाचा 1283 चा खेळांचा ग्रंथ आठवला. त्यात या मोहऱ्याचं नाव आल्फेर्सा, वजीर या अर्थाच्या अरबी शब्दावरून आलेलं. तो तिरका एकच घर चाले. दामा होऊन पटभर धावायला लागला तो 15व्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे वजीर त्यांच्याकडेही होता! पण आल्फेर्सा आजच्या मुलांना कळायचा नाही. मी आजोबांच्या तोंडी एवढंच घातलं: ‘तुम्ही हिला दामा म्हणता. आमच्या गावात हा विसिर.’ पुढे त्यांचं वाक्य जसंच्या तसं. लेखिकाताईंना फोनवर वाचून दाखवलं, त्या लगेच ‘ठेवा’ म्हणाल्या.

संध्याकाळी माद्रिदचा होकार आला. सोबत पुढच्या पानावर नवा लाल गोल, ‘बदाम राणी’भोवती. स्पेनच्या पारंपरिक पत्त्यांत राणीच नसते. सोता म्हणजे गुलाम, घोडेस्वार आणि राजा, बस.