उत्तरेच्या कोर्सवर सुकाणू टोकाला का जातं: ऑटोपायलटच्या कामाची नोंद

कारण सापडलं. नवं फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्राम) टाकल्यापासून उत्तरेच्या कोर्सवर, म्हणजे ठरवून दिलेली दिशा उत्तरेची असताना, माझ्या बोटीचा ऑटोपायलट मध्येच सुकाणू पार टोकाला नेत होता. दोष होकायंत्रात नाही आणि सुकाणूच्या मोटरमध्येही नाही. ऑटोपायलटचा मेंदू म्हणजे कंट्रोलर. तो हेडिंगची (बोटीचं तोंड ज्या दिशेला आहे त्या कोनाची) सरासरी काढतो, तिथेच सगळा घोळ आहे.

पहिला संशय अर्थातच होकायंत्रावर होता. आसपासचं लोखंड तपासलं, कॅलिब्रेशन नव्याने केलं. काही फरक पडला नाही. मग एनएमईए 2000 च्या, म्हणजे बोटीवरची यंत्रं एकमेकांशी ज्या जाळ्यातून बोलतात त्याच्या, केबलवरचे सगळे संदेश लॅपटॉपवर उतरवून घेतले आणि त्यातले दोनच समोरासमोर ठेवले: 127250 म्हणजे हेडिंग आणि 127245 म्हणजे सुकाणूचा कोन. हेडिंग तिथे अंशांत नसतं, रेडियनच्या दहा हजाराव्या भागात मोजलेलं असतं. 359 अंश म्हणजे 62657 आणि 3 अंश म्हणजे 524. उत्तरेला 360 अंश संपून मोजणी पुन्हा 0 पासून सुरू होते, म्हणून बोट उत्तर ओलांडते तेव्हा लॉगमध्ये (उतरवून घेतलेल्या नोंदीत) 62657, 62800, 140, 524 असे आकडे ओळीने येतात. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, सावकाश उजवीकडे सरकते आहे, एवढाच त्यांचा अर्थ. होकायंत्र बरोबर सांगत होतं. पण त्याच क्षणी सुकाणूला मिळालेला हुकूम होता: अजून उजवीकडे, पूर्ण.

पुढचं काम टेबलावर केलं. मोटर सुकाणूपासून सोडवली आणि कंट्रोलरला लॅपटॉपवरून हवं ते हेडिंग पुरवलं. 45, 90, 180 या कोर्सवर सगळं सुरळीत. कोर्स 359 ठेवला आणि हेडिंग 359 वरून 3 वर नेलं, की हुकूम बिघडायचा. डॅम्पिंग (हेडिंग सरासरीने किती गुळगुळीत करायचं याची सेटिंग) सर्वांत कमी असताना नुसता एक झटका दिसायचा, डॅम्पिंग वाढवलं की हुकूम टोकाला जाऊन तिथेच थांबायचा.

आता आकडेमोड बघा. होकायंत्र सेकंदाला दहा वेळा हेडिंग पाठवतं. समजा, सरासरी शेवटच्या दहा आकड्यांची आहे. नऊ आकडे 359 आणि एक 1 असेल, तर साधी सरासरी येते 323.2. बोट कोर्सवरच आहे, पण कंट्रोलरला वाटतं ती 36 अंश डावीकडे गेली. म्हणून तो उजवीकडे वळवतो. त्यामुळे नाळ आणखी उजवीकडे जाते आणि सरासरीत लहान आकडे वाढतात. पाच 359 आणि पाच 3 झाले की सरासरी 181, म्हणजे त्याच्या लेखी बोट जवळजवळ उलटी फिरली! जुने आकडे गळून गेल्यावर सरासरी अचानक शुद्धीवर येते आणि सुकाणू झपकन डावीकडे. परत येताना उत्तर ओलांडली की तेच, उलट्या दिशेने.

मला यातली सर्वांत घातक गोष्ट ही वाटते की चूक आंधळी नाही. नाळ ज्या बाजूला निघाली आहे, त्याच बाजूला ती ढकलते. अरुंद मार्गात, शेजारून दुसरी बोट जात असताना असं झालं तर हाताने सुकाणू घ्यायला काही क्षणच मिळतात. कोर्स सुटल्याचा अलार्म आहे, पण तो ठरावीक वेळ थांबून वाजतो. तोवर सुकाणू टोकाला पोचलेलं असतं.

यावरचा उपाय गणितात जुना आहे. कोनांची सरासरी थेट काढायची नाही. प्रत्येक हेडिंगचं साइन आणि कोसाइन घ्यायचं, त्यांच्या वेगवेगळ्या सरासऱ्या काढायच्या आणि एटॅन2 ने (साइन आणि कोसाइनवरून कोन देणाऱ्या फंक्शनने) पुन्हा कोन मिळवायचा. 359 आणि 3 ची सरासरी मग 1 येते. कंट्रोलरचं फर्मवेअर माझ्या हातात नाही, म्हणून लॉग आणि टेबलावरच्या चाचणीची कृती बनवणाऱ्यांकडे पाठवली आहे. दुरुस्ती येईपर्यंत डॅम्पिंग सर्वांत कमी, आणि उत्तरेच्या दोन्ही बाजूंना 15 अंशांच्या आत कोर्स असेल तर सुकाणू हातातच. ऑटोपायलट थांबवणारं स्टँडबायचं बटण दाबल्यावर क्लच (मोटरला सुकाणूशी जोडणारा भाग) खरोखर सुटतो का, हे निघण्याआधी बघतो.

दरम्यान एक स्वतंत्र पहारेकरी बांधतो आहे. छोटा मायक्रोकंट्रोलर केबलवरचे तेच दोन संदेश नुसते ऐकतो, स्वतः काहीही पाठवत नाही. कोर्समधून हेडिंग वजा करायचं, 540 मिळवायचे, 360 ने भागून बाकी घ्यायची आणि 180 वजा करायचे. फरक नेहमी उणे 180 ते अधिक 180 मध्ये येतो. 540 ऐवजी 180 मिळवले तर प्रोग्रामिंगच्या सी भाषेत बाकी ऋण येऊ शकते आणि तोच रोग इथेही लागतो. सुकाणू हा फरक वाढवणाऱ्या बाजूला 10 अंशांहून जास्त गेलं, की बझर वाजतो. टेबलावर तो अलार्मच्या बराच आधी ओरडतो. लाटांत मात्र सुकाणू तसंही सारखं हलत असतं, त्यामुळे 10 ची मर्यादा बहुधा वाढवावी लागेल.

तुमच्या ऑटोपायलटवरही ही चाचणी करून बघा, मोकळ्या पाण्यात आणि हात सुकाणूवर ठेवून: डॅम्पिंग सर्वांत जास्त, कोर्स 0, थोड्या लाटा. काही यंत्रं आतल्या आत उणे 180 ते अधिक 180 असं मोजतात. तिथे आकडा उडी मारतो तो सांधा दक्षिणेला येतो, म्हणून 180 चा कोर्सही तपासा. लॉग मिळाले तर पहारेकऱ्याची मर्यादा ठरवायला मला त्यांचा फार उपयोग होईल.