घाटाच्या पायथ्याचं ब्रेकचं गॅरेज : आमची वाटचाल

वाईत गॅरेजं भरपूर आहेत. पण मागच्या चाकातून आवाज येतोय आणि कशाचा ते कुणालाच सापडत नाही, अशी गाडी शेवटी आमच्या दारात येते. हे मी अभिमानानेच लिहितो, कारण हे नाव सहज मिळालेलं नाही, आणि एकदा तर ते जवळजवळ गेलंच होतं.

पसरणीचा घाट चढला की पाचगणी, पुढे महाबळेश्वर. सगळा उताराचा मुलूख. गाडी लावायची ती उतारावर, प्रवासी उतरवायचे ते उतारावर. वरती पावसाळ्यात साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, धुकं आठवडेच्या आठवडे हटत नाही. पुण्या-मुंबईत हॅन्डब्रेककडे दुर्लक्ष केलं तरी चालून जातं, इथे ते चालत नाही. मी गॅरेज काढलं तेव्हा मारुती ८०० येऊन दहाएक वर्षं झाली होती, पण घाटात टॅक्सीला पद्मिनी आणि ॲम्बेसेडरच होत्या. ॲम्बेसेडरचा हॅन्डब्रेक डॅशखालून ओढायचा. जुन्या जीपला तर तो चाकांवर नसून गिअरबॉक्सला जोडलेल्या ट्रान्स्फर केसच्या मागे, चाकांकडे फिरणं नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर. तिथला खडखडाट ऐकून लोक मागच्या चाकांचे दोन्ही ड्रम, म्हणजे ज्यांच्या आतून ब्रेक घासतो ती लोखंडी भांडी, उघडून बसायचे.

आमचे पहिले भागीदार लेथवाले होते. माझी जागा, त्यांचा लेथ. ड्रम टर्न करण्यात, म्हणजे झिजलेला ड्रम लेथवर आतून कातून साफ करण्यात, त्यांचा हात धरणारा मी आजवर पाहिला नाही. आम्ही दोघांनी एक नियम ठरवला होता आणि तो आजही भिंतीवर लिहिलेला आहे : आतून १८० मिलिमीटर व्यासाचा ड्रम १८२ च्या पुढे गेला की भंगारात. गिऱ्हाईक कितीही म्हणालं की अजून एकदा टर्न करून द्या, तरी नाही. ड्रमवर कंपनीने कमाल माप ओतलेलं असतं, ते गंज खरवडून वाचायचे कष्ट फार थोडे मेस्त्री घेतात. पुढे भागीदार साताऱ्याला गेले. लेथ मात्र किंमत ठरवून मलाच देऊन गेले. तो अजून चालू आहे.

आता आण्णांबद्दल. पाचगणीच्या स्टँडवर सगळे त्यांना आण्णा म्हणत, मीही म्हणत असे. पद्मिनीपासून ते आमचे गिऱ्हाईक. गाडीत काही वाजलं तर ते "आवाज येतोय" एवढंच कधी सांगायचे नाहीत. कधी येतो ते सांगायचे. "मास्तर, सोडल्यावर पहिल्या फेऱ्याला खट्ट करतो, मग गप्प." एवढ्यावर माझं अर्धं काम व्हायचं. पहिल्या फेऱ्याला एकच खट्ट म्हणजे रात्री ओल्या गाडीचा हॅन्डब्रेक ओढून ठेवला, लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारी पट्टी) गंजाने ड्रमला चिकटलं आणि सकाळी सुटलं. दोन-चार ब्रेक मारले की गंज घासून जातो, बिघाड काही नाही. पण हे रोज होऊ लागलं तर गंज लायनर आणि शू (लायनर जिच्यावर बसवतात ती लोखंडी कमान) यांच्यामध्ये शिरतो, चिकटवलेलं लायनर शूवरून सुटतं आणि ड्रममध्ये मोकळं फिरायला लागतं. मग एक दिवस घाटात चाक जाम. तेव्हा खट्ट ऐकू आलं की घाबरू नका, पण रोज ऐकू आलं तर गाडी घेऊन या.

माझं शिक्षण आण्णांच्या गाड्यांवर झालं असं म्हटलं तरी चालेल. ओढताना दांड्यातून कचकच आली तर रॅचेटचे, म्हणजे ओढलेला दांडा वर अडकवून ठेवणारे, दाते झिजलेत किंवा कोरडे पडलेत. ओढताना खालून कुरकुर आली तर केबलच्या नळीत पाणी गेलंय, तारा गंजल्यात. पायाने ब्रेक दाबतानाही कुरकुरतं, तर शू ड्रममागच्या पत्र्यावर, म्हणजे बॅक प्लेटवर, जिथे टेकतात ते ठिपके कोरडे पडलेत. प्रत्येक शूला असे तीन ठिपके असतात. त्यांना उष्णता सोसणारं ग्रीस नखभर लावायचं, नखभरच, लायनरला स्पर्श होता कामा नये. खड्ड्यात खडखड येते आणि सपाट रस्त्यावर थांबते, तर केबलची क्लिप तुटलीय नाहीतर शू धरणाऱ्या स्प्रिंगची टोपी निघालीय. आणि चाकाच्या वेगाबरोबर वाढणारी लोखंडी खरखर येत असेल तर गाडी पुढे नेऊच नका. लायनर संपलंय, शूचं लोखंड किंवा रिव्हेट ड्रम कोरतंय.

सगळ्यात जास्त फसवणारा आवाज घूं घूं. बेअरिंगचाही तसाच, घासणाऱ्या ब्रेकचाही तसाच. ओळखायची रीत अशी : मोकळं सपाट मैदान, कोरडी जमीन, मागेपुढे कुणी नाही, हळू वेग. दांड्याचं बटण दाबूनच ठेवायचं आणि एक-दोन दाते इतपतच दांडा उचलायचा. आवाज बदलला तर ब्रेककडे बघा, तसाच राहिला तर बेअरिंगकडे. मग गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर), चाक हाताने फिरवायचं, आणि लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बॅक प्लेटला व मूठ कानाला. माझा तो स्क्रू ड्रायव्हर पहिल्या वर्षाचा आहे. मूठ गुळगुळीत झालीय, टोकाने आता स्क्रू फिरत नाही, पण ऐकायला दुसरा घेतला तर मला काही कळत नाही. ड्रम काढायलाही हातोडीचे घाव मी कुणाला घालू देत नाही. ड्रमला दोन आट्याची भोकं कंपनीने उगाच दिलेली नाहीत. त्यात आठ मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीने आवळले की ड्रम आपणहून बाहेर येतो.

हे सगळं चांगलं चाललं असताना महामार्गावर एक मोठं सर्व्हिस सेंटर उघडलं. नाव लिहीत नाही. काचेचं ऑफिस, गिऱ्हाइकाला कॉफी. मला त्याचं काही नव्हतं. त्यांचं गिऱ्हाईक वेगळं, आमचं वेगळं.

पाचगणीच्या स्टँडवरच्या एका वॅगन आरचे मागचे शू आम्ही बदलले. केबल आम्ही लावली ती पाच दात्यांवर, म्हणजे दांडा पाच दाते वर आला की ब्रेक धरणार. सुरुवात ड्रमच्या आतून करायची, ॲडजस्टर (लायनर झिजेल तशी फट आपोआप भरून काढणारा भाग) बसवून शू आणि ड्रममधली फट जुळवायची, आणि केबलचा नट सगळ्यात शेवटी, हा आमचा क्रम. नट आवळून झाला की नट आणि आटे यांच्यावरून पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ मारायची ही माझी सवय. त्या मालकांना पाच दाते जास्त वाटले. त्यांना दोन दात्यांवर कडक ब्रेक हवा होता. मी नाही म्हटलं. ते दुसरीकडे गेले आणि तिथे कुणीतरी ड्रम न उघडता केबल आवळून दिली.

पुढे काय होतं ते या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असायला हवं, पण नसतं म्हणून लिहितो. केबल ताणून धरली की आतला लीव्हर जागेवर परत येत नाही. शू ॲडजस्टरवर न टेकता केबलवर टेकून राहतात. मग लायनर झिजतं पण ॲडजस्टर पुढचा दाता घेत नाही. शू सारखे थोडेथोडे घासतात, तापतात, लायनर वरून कडक होऊन चकाकायला लागतं. ती गाडी कित्येक दिवस घाट चढताना चुईं करत होती, प्रवाशांनीसुद्धा सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही. एका दुपारी टेबललँडच्या चढावर लावलेली ती गाडी हॅन्डब्रेक ओढलेला असताना मागे सरकली आणि दगडी कठड्याला जाऊन थांबली. आत कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं, हे नशीब.

दोष आमच्यावर आला. वाईच्या गॅरेजने हलके लायनर घातले, असं त्या सर्व्हिस सेंटरमधून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं गेलं. मला हे एकाने नाही, अनेकांनी येऊन सांगितलं. स्टँडवरच्या गाड्या आमच्याकडे यायच्या बंद झाल्या. ऐन मे महिन्याचा सीझन, आणि आमच्या दारात एक गाडी नाही. लिफ्टसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते चालू होते. पोरांना पगार देता येईना, म्हणून एकेकाला दुसरीकडे चिकटवून दिलं. कंप्रेसर विकला. वडिलांनी जागा भाड्याने देऊन टाक म्हटलं, आणि मी बोलणी सुरूही केली होती.

आण्णा तेव्हाही येत राहिले. एक दिवस म्हणाले, "मास्तर, तुम्ही इथे बसून खरं सांगताय, ते इथेच राहणार. गाडी कठड्यापासून हलवलेली नाही. उद्या वर या, सामान घेऊन या." ते त्या मालकांशी बोलले, स्टँडवरच्या सगळ्यांना थांबवलं आणि स्वतःच्या गाडीतली घोडी काढून लावली.

मी प्रथम गाडीखाली टॉर्च धरून रेघ दाखवली. नटावरचा पिवळा तुकडा एका बाजूला, आट्यावरचा दुसऱ्या बाजूला. नट कितीतरी फेरे पुढे गेला होता आणि त्याच्या मागचे आटे नव्यासारखे चकचकीत होते, बाकीचे धुळीने काळे. मग दोन बोल्ट लावून ड्रम काढला. आतल्या पृष्ठभागावर तापल्याचे निळे डाग. लायनरवर आरसा चढलेला. आणि ॲडजस्टर? मी सोडला होता त्याच दात्यावर. लायनर एवढं झिजलं आणि ॲडजस्टर एक दाता हलला नाही. मी दुसरं चाक उघडलं, तिथेही तेच. स्टँडवरचे जुने ड्रायव्हर, त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. एकाने तिथेच विचारलं, केबल कुठे आवळली? मालकांनी मान खाली घातली आणि सांगितलं.

पुढच्या आठवड्यात गाड्या खाली यायला लागल्या. सर्व्हिस सेंटरकडून मात्र आजपर्यंत एक शब्द आलेला नाही. ज्यांनी ते बोलणं पसरवलं त्यांतले दोघे मला लग्नकार्यात भेटतात, बोलतात, तो विषय काढत नाहीत. मी विसरलेलो नाही. माझी पोरं दुसऱ्यांच्या गॅरेजात गेली, त्यांतली सगळी परत आली नाहीत.

त्यानंतरची वर्षं सुरळीत गेली. दुसरी शेड झाली, मुलगा डिप्लोमा करून आला, कंप्रेसर परत घेतला. तो फक्त टायरला वापरायचा. ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही, जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते छातीत जातं. ब्रेक क्लीनरने धुवायची, ओल्या फडक्याने पुसायची. हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगतो, तुम्हीही सांगा.

आण्णा आता गाडी चालवत नाहीत. त्यांचा नातू चालवतो, आणि नवीन गाडी बटणाच्या हॅन्डब्रेकची घेतलीय. पहिल्याच आठवड्यात तो धावत आला, काका, मागून मिक्सरसारखं वाजतं. ते कॅलिपरवरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागावरच्या) मोटरचं वाजणं आहे, बटण ओढलं की आणि सोडलं की ते येणारच. आवाज लांबत गेला, एका बाजूचा वेगळा यायला लागला किंवा मध्येच कटकट करून थांबला, तर मात्र लगेच दाखवायचं. आणि अशा गाडीचे मागचे पॅड बदलताना आधी स्कॅनर लावून ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये घ्यायचा. पिस्टन जोराने मागे ढकलला की आतले गिअर तुटतात आणि साध्या पॅडच्या कामाचं अख्ख्या कॅलिपरचं बिल होतं. तशी एक गाडी गेल्या महिन्यात माझ्याकडे आली, कुठून ते लिहीत नाही.

घाटावर राहणाऱ्यांनी पावसाळ्यात रात्रभर हॅन्डब्रेक ओढून ठेवू नये. जागा सपाट असेल तर गाडी गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा. उतारच असेल तर हॅन्डब्रेक ओढाच, सोबत गिअर, तोंड चढाला असेल तर पहिला, उताराला असेल तर रिव्हर्स. ऑटोमॅटिकवाल्यांनी आधी पायाचा ब्रेक दाबून हॅन्डब्रेक ओढावा आणि मग पी (पार्क) वर टाकावं, म्हणजे भार गिअरबॉक्सवर येत नाही. दाते वाढले म्हणून केबल आवळून मागू नका, ड्रम उघडून मागा. आणि आवाजाची गाडी आमच्याकडे आणायची असेल तर सकाळी आणा, न धुता आणा. धुतलेल्या ओल्या ड्रमचा आवाज वेगळा येतो आणि खरा आवाज ऐकायला मग ड्रम वाळेपर्यंत थांबावं लागतं.